आज गूळ नाही

बाई,

मी नापास झालो. एवढंच सांगून उठायचं असं ठरवलं होतं, पण दुपारपासून ओटीवर बसलोय आणि पुढचं वाक्य काही येत नाही. गणितात किंवा इंग्रजीत झालो असतो तर तुम्ही हसून म्हणाला असतात, जाऊ दे रे, तो तुझा प्रांत नव्हे. मी कवितेत नापास झालो, बाई. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, कवितेच्या पेपरात. सत्तरी ओलांडलेला, नातवंडं मांडीवर खेळवलेला माणूस, ज्याला अख्खं गाव कविता पाठ असणारा म्हणून ओळखतं, तो कवितेतच खाली आला. हे घरात कुणाशी बोलायची सोय नाही, कारण घरातली माणसं माझ्या वाटणीचं दुःख माझ्याआधी करून बसली आहेत, आणि लाज खरी तिथेच आहे. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्ही बदली होऊन घाटावर परत गेलात, आणि मग कितीतरी वर्षांनी शाळेच्या शिपायाकडून कळलं की तुम्ही वारलात. तेव्हा मी काही लिहिलं नाही, कारण लिहायचं कुणाला ते समजलं नाही.

तुमचा चेहरा आठवायला गेलो तर आधी तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी आठवते आणि मग तिच्यात तुम्ही येता. आमच्या शेजारच्या घराची मागची पडवी तुम्ही भाड्यानं घेतली होतीत. मातीची चूल, वर दोन फळ्या, खिडकीशी शेवग्याचं झाड. तुम्ही एकट्या राहायचात. आमच्याकडे बाईमाणूस एकटं राहतं हे कुणी पाहिलेलं नव्हतं. आजी भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "त्या बाईंना मागंपुढं कोन नाय का गं?" आणि आई तिला डोळ्यांनी गप्प करायची. मला त्याचं काहीच वाटत नसे. मला वाटायचं, बाई म्हणजे बाई, शाळेची घंटा जशी एकटी टांगलेली असते तशा. संक्रांत झाली की तुमच्या माहेरून गुळाची ढेप यायची. आमच्याकडे भात पिकतो, ऊस कुठला. तो गूळ तुम्ही अडकित्त्यानं फोडून डब्यात भरून ठेवायचात, आणि ज्याला कविता पाठ होईल त्यानं संध्याकाळी घरी येऊन ती म्हणायची आणि खडा घेऊन जायचा, असा तुमचा नियम होता. बाकीची पोरं अधूनमधून यायची. मी रोज यायचो. चुलीशी तुम्ही आमटीला फोडणी देताय, मी उंबऱ्यात उभा राहून म्हणतोय, आणि चुकलो की तुम्ही मागे न वळता पळीचा एक ठोका तव्यावर मारताय. अजून कुणाच्या घरात तव्यावर पळी वाजली की माझी जीभ आपोआप मागच्या ओळीवर जाते.

त्या सगळ्या कवितांत मला जी सगळ्यात आवडायची ती हाकांची. तिन्हीसांजेची वेळ आहे, चूल पेटली आहे, आणि एक बाई दारात उभी राहून घरातल्या एकेकाला जेवायला हाक मारते. धाकट्याला मारते, थोरल्याला मारते, दिराला, सासऱ्याला, शेवटी परसातल्या गाईलासुद्धा. तुम्ही तिला चाल लावली होती ती अशी झोकात चढणारी, की बाकांवर ताल धरल्याशिवाय म्हणताच यायची नाही. आणि दर कडव्याच्या शेवटी ती हाक आली की सगळा वर्ग ओरडायचा, "आलो, आलो." हे काही पुस्तकात नव्हतं. कुणीतरी वात्रटासारखं एकदा ओरडलं, आम्ही खिदळलो, आणि आता छडी मिळणार म्हणून हात लपवले. पण तुम्ही रागावला नाहीत. उलट दुसऱ्या दिवसापासून त्या जागी तुम्ही थांबायला लागलात. हात वर धरून उभ्या राहायचात, आमचं "आलो, आलो" येईपर्यंत, आणि मगच पुढचं कडवं उचलायचात. आमच्या शाळेत ती कविता अशीच झाली. आमच्या मागची पोरंही ती तशीच शिकली.

आणि मग तो गूळ न मिळालेला दिवस. मी उंबऱ्यात उभा राहून ती कविता घडाघडा म्हटली, आलो-आलो सकट. एकदाही पळी वाजली नाही. तुम्ही हात पुसत वळलात आणि म्हणालात, "छान. आता चाल सोडून म्हण." मी सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला मान डोलायला लागली. "चाल सोड म्हटलं ना." पुन्हा सुरू केलं आणि पुढचं काही येईना. मी म्हणालो, "बाई, चाल सोडली की सगळं सांडतं." तुम्ही हसलात. मग जरा वेळानं विचारलंत, "बरं, ही बाई हाका मारते, मारते, आणि पुढे काय होतं?" मी लगेच म्हणालो, "आम्ही येतो." तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. "आणि पुस्तकात?" पुस्तकात काय होतं ते मला खरंच माहीत नव्हतं. पुस्तक मी कधीच उघडत नसे, मला सगळं पाठ होतं. तुम्ही डब्याचं झाकण दाबून लावलंत. "तुला कविता येत नाही, चाल येते. आज गूळ नाही." मी तणतणत घरी आलो. आजीनं आमच्या डब्यातला खडा काढून हातावर ठेवला, "ह्ये घे रं. त्या बाईंच्या गुलाला काय सोनं लागलंय काय?" पण तो मला गेला नाही. दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखा गूळ दिलात, तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाहीत, आणि मीही समजलो की विषय मिटला.

मॅट्रिक झाल्यावर मी शिळफाट्याजवळच्या एका कारखान्यात स्टोअरला लागलो. नट, बोल्ट, पत्रे, ग्रीस यांत तुमच्या कवितांचं काय काम, पण बाई, खरं सांगतो, त्या तिथेही माझ्याबरोबर होत्या. दुपारच्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी म्हणायचंच, "होऊन जाऊ द्या एखादी." कुणी रिटायर झालं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या बापाचं तेरावं झालं, मला उभं करायचे. मला प्रत्येक प्रसंगाला एक कविता पाठ असे. लोक मला मास्तर म्हणायला लागले. मी मास्तर नव्हतो, स्टोअरकीपर होतो, पण नको म्हणालो नाही. रात्रपाळी करून कॉलेज करणारे दोघंतिघं आमच्यात होते, त्यांच्याकडे मी जरा वरूनच बघायचो. मनात म्हणायचो, यांना जे पुस्तकातून घ्यावं लागतं ते मला बाईंनी चुलीशी उभं करून दिलंय. डिग्री घ्यायची राहून गेली असं मी लोकांना सांगायचो, पण मला तिची गरजच वाटलेली नव्हती.

मग सून आली. खालापूरकडच्या खेड्यातली, बापाची भातशेती, बारावीपर्यंत शिकलेली. कुंभिवलीला एका कंपनीत पॅकिंगमध्ये जाते. सकाळी चुलीवरचं आवरून निघते, संध्याकाळी टेंपोतून उतरते ती थेट मोरीवर हात धुऊन पिठात हात घालते. तिच्या कंपनीत ऑफिसात जागा निघणार होती, पण पदवी पाहिजे होती. तिनं एक दिवस माझ्या मुलाला विचारलं, घरी बसून करता येणारं बी.ए. असतं, रविवारी कर्जतला तास असतात, करू का. मुलगा म्हणाला, कर की. आणि मी, बाई, मला कुणी विचारलेलं नसताना ओटीवरून म्हणालो, "मराठी घे. मी शिकवीन. मीच तुझ्याबरोबर नाव घालतो." ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतोय. पण पत्नी जाऊन घर मोकळं मोकळं झालं होतं, रविवार तर अंगावर यायचा. मी खरंच नाव घातलं.

ती वर्षं फार सुखाची गेली. लाजेचं पत्र लिहायला बसलो तरी हे लिहिल्यावाचून राहवत नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघं आमच्या पळसदरीहून निघायचो, ती पिशवीत पुस्तकं आणि पोळीभाजी घेऊन, मी इस्त्रीचा सदरा घालून. तासाला येणारे सगळे पोटाच्या मागे लागलेले, कुणी दुकानावर काम करणारा, कुणी अंगणवाडीतली, त्यांच्यात मी एकटाच हौशी. शिकवायला येणारे सर माझ्या मुलापेक्षा लहान. कवितेचा तास आला की ते म्हणायचे, "काका, तुम्हीच म्हणून दाखवा," आणि मी उभा राहून म्हणायचो, टाळ्या पडायच्या, आणि सर तेवढ्यात चहा पिऊन यायचे. मग विचारायला सुरुवात करायचे, या कवितेत बोलतंय कोण, कुणाशी, कधी. मी तेव्हा सुनेच्या पिशवीतला डबा चाचपून बघायचो. मला वाटायचं, हे आपल्यासाठी नाही, ज्यांना कविता येत नाही त्यांच्यासाठी आहे.

आणि अभ्यासक्रमात काय निघावं, तर हाकांची कविता. पुस्तक उघडून ती पाहिली तेव्हा माझे डोळे भरून आले. मी सुनेला म्हणालो, ही मी तुला अशी शिकवतो की जन्मात विसरणार नाहीस. संध्याकाळी ती वाल सोलत बसली होती. बिरड्याला मोड आलेले वाल एकेक दाबून सालातून काढायचे, काम निवांत, तोंड मोकळं. मी चालीवर म्हटली, मुलगा आतून ओरडला, "आलो, आलो," कारण तोही त्याच शाळेतला. सून हसली. मग तिनं ओल्या हाताच्या कोपरानं पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि किराणाची यादी वाचावी तशी सपाट आवाजात ती वाचायला लागली. मला सहन होईना. "अगं, चाल धर."

"थांबा हो बाबा. मला बघू द्या ना काय लिवलंय ते." आणि शेवटाला येऊन ती थांबली. "बाबा, ही बाई सगल्यांना बोलवते. मग येतं कोन?"

"म्हणजे?"

"नाय, कोन आलं असं कुठं लिवलेलंच नाय. गायबी आली नाय. हिच्या घरात मानसं हायत का नायत?"

मी काय म्हणालो ठाऊक आहे? मी म्हणालो, "तू उगाच कीस पाडतेस. आधी पाठ कर." ती वाल सोलत राहिली. मीही उठून अंगणात गेलो. तुमच्या पळीचा ठोका तेव्हाच वाजायला हवा होता.

परीक्षेत प्रश्न आला, या कवितेचे रसग्रहण करा. मी हसलो, बाई. पेन उघडलं आणि कविता लिहून काढली. सगळी. पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. आणि दर हाकेच्या पुढे, अवतरणात, "आलो, आलो." मला वाटलं, याहून मोठं रसग्रहण ते काय असणार. ज्याला पुस्तकात बघावं लागत नाही त्याच्याइतका रस कुणी घेतला. मग दुसरी कविता लिहिली, मग तिसरी, जिच्यावर प्रश्नही नव्हता. पुरवणी मागितली. पेपरवर देखरेख करणाऱ्या मुलीनं कौतुकानं ती आणून दिली. बाहेर आलो तर सून झाडाखाली थांबली होती. "किती पुरवण्या घेतल्या हो बाबा?" मी सांगितलं. तिचं तोंड उतरलं. "मी तर एकबी नाय घेतली." मी तिला म्हणालो, "होईल गं, पासापुरते मार्क पडतील."

आता बॅनरचं सांगतो. तुमच्या वेळी ही गोष्ट नव्हती. हल्ली आमच्याकडे कुणाचा वाढदिवस असो, कुणी सरपंच होवो, कुणाचा बैल शर्यतीत पहिला येवो, फाट्यावर त्याच्या फोटोचा बॅनर लागतो, प्लॅस्टिकच्या कापडाचा, पलंगाएवढा. माझा पुतण्या या कामात पुढे. त्यानं निकालाच्या आदल्या दिवशीच बॅनर आणून बांबूंना बांधला. सासरे आणि सून, एकाच वेळी पदवीधर, हार्दिक अभिनंदन. डावीकडे मी, हात पुढे करून कविता म्हणतोय असा फोटो, उजवीकडे सून, लग्नातल्या साडीतली, माझ्याहून लहान. मी त्याला म्हणालो, "अरे, निकाल तर लागू दे."

"काका, तुमी नापास झालात तर महाराष्ट्रात पास कोन होनार?" तो म्हणाला. मला ते आवडलं, हेही लिहून ठेवतो. मी चहाच्या निमित्तानं दोनदा फाट्यावर जाऊन आलो.

निकाल त्यानंच मोबाइलवर पाहिला. सून पास. मग तो खाली वर करत राहिला, बोटानं ढकलत राहिला. "काका, तुमचं एक राहिलंय." राहिलंय म्हणतात हल्ली, नापास म्हणत नाहीत. "कुठलं?" त्यानं उत्तर द्यायच्या ऐवजी मोबाइलच माझ्या हातात दिला. मी चष्मा लावून पाहिलं. सून उभी होती ती खाली बसली. तिचा निकाल लागला होता, बाई, ती पास झाली होती, पॅकिंगमधली पोरगी पोळ्या लाटता लाटता पदवीधर झाली होती, आणि तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मुलानं पेढ्यांचा विषय काढला नाही. कूकरची शिट्टीसुद्धा कुणीतरी पटकन उठून बंद केली. आमच्या घरात जणू सुतक आलं. दुसऱ्या दिवशी दूध आणायला फाट्यावरून गेलो तर टपरीवरचे म्हणतात, "मास्तर, पेढे कधी?" वर माझा फोटो हात पुढे करून उभा, खाली मी किटली घेऊन. मी म्हणालो, "देऊ की." आणि परतताना शेतातल्या बांधावरून आलो.

त्याच संध्याकाळी पुतण्या आला आणि दारातच उभा राहिला. "काका, काय करू? ऱ्हाऊ दे का काढू?" सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सून आतून म्हणाली, "काढा भाऊजी. बाबांना जातायेता लागंल ते." ती पुढे एवढंही म्हणाली नाही की माझा फोटो आहे त्यावर. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. मी हो म्हणालो नाही, बाई, पण नको म्हणालो नाही, आणि पुतण्यानं जाऊन दोऱ्या सोडल्या.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी कदाचित तुम्हाला पत्र लिहिलं नसतं. दोन दिवसांनी व्याही आले. तिचा बाप. त्यांना कुणीतरी फोनवर सांगितलं होतं की तुमच्या लेकीचा फोटो रस्त्यावर लागलाय. भाताची रोपं टाकायची धांदल सोडून माणूस एस.टी. बदलत आलेला, डोक्याला धुतलेली टोपी, पिशवीत गावठी आंबे, आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळलेला झेंडूचा हार. तो बॅनरला घालायचा म्हणून आणलेला. ओटीवर टेकायच्या आधीच लेकीला म्हणाले, "फाट्यावर उतरलो, दोन्ही अंगांनी बगितलं. तुजा फोटू कुटं हाय गं?"

मी तिथेच बसलो होतो, हाताच्या अंतरावर. तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "वाऱ्यानं पडला ना आबा. परवा केवडा वारा सुटला हुता."

"आमच्याकडं नाय सुटला." ते पाणी प्यायले. "मंग बांधायचा ना परत."

"बांधतील."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून हात जोडले. "व्याही, तुमची किरपा. तुमी शिकवलंत पोरीला म्हनून. आमच्या घरात कोन शिकलं हुतं." मी काय बोललो ते आठवत नाही, बोललो असेन काहीतरी, माझ्या तोंडात शब्द नेहमीच तयार असतात. जेवताना ते तिला विचारत होते, आता ऑफिसात खुर्ची मिळेल का, पंखा असेल का वर. जाताना त्यांनी तो हार काढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि आमच्या देवाच्या फळीला अडकवला. मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेलो. एस.टी. येईपर्यंत ते त्या रिकाम्या बांबूंकडे बघत उभे होते. "चांगलं जाड बांबू हायत," म्हणाले. "ह्येच्यावरून कसा पडला."

मी बॅनर शोधायला पुतण्याच्या वाड्यामागे गेलो. पावसाच्या तोंडावर आमच्याकडे जुने बॅनर असे कामाला येतात, पेंढ्यावर टाकायला, सरपणावर टाकायला. आमचा पेंढ्यावर होता. मी आणि सून, दोघंही आभाळाकडे तोंड करून, कडेला दगड ठेवलेले, माझ्या कपाळावर कोंबडी. मी दगड काढले, कोंबडी हाकलली, घरून आणलेल्या विळ्यानं बरोबर मधून कापायला घेतलं. प्लॅस्टिक सरळ कापलं जात नाही, बाई, अभिनंदनाची ओळ मध्येच तुटली, सुनेच्या बाजूला "सून, एकाच वेळी पदवीधर, हार्दिक अभिनंदन" एवढंच उरलं. पुतण्या बाहेर आला. "काका, ह्ये काय चाललंय? नवीन काढून देतो ना."

"नवीन नको. हाच. दोऱ्या आण."

"अर्धाच कसा बांधायचा? लोक इचारतील दुसरा कुठं गेला."

"विचारू देत. सांग, तो नापास झाला."

तो आत जाऊन दोऱ्या घेऊन आला, आणि आम्ही दोघांनी मिळून तो बांधला. टपरीवरचे उठून आले. एकजण म्हणाला, "मास्तर, तुमचा फोटो?" मी म्हणालो, "माझा विषय राहिला. कवितेचा." आधी त्यांना थट्टा वाटली, मग त्यातल्या एकानं खालची दोरी ओढून धरली. घरी येऊन मी व्याह्यांना फोन लावला. म्हणालो, "वारा पडलाय आता. या." ते म्हणाले, "मला वाटलंच."

सुनेला मी सांगितलं नाही, ती कंपनीतून येताना टेंपोतून उतरली ती फाट्यावरच. उशिरानं घरी आली. तोंडावर पाणी मारून आत गेली, पिठाचा डबा काढला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो. किती वर्षांनी असा उभा राहिलो कोण जाणे. पेढे आणायचं सुचलं नव्हतं, फळीवरचा गुळाचा डबा काढला आणि एक खडा तिच्या पिठाच्या हातावर ठेवला. "ह्ये काय आता?" ती म्हणाली. मी म्हणालो, "आमच्या बाई द्यायच्या. कविता आली की." तिनं तो तोंडात टाकला आणि गालात ठेवूनच म्हणाली, "बाबा, तुमी पुन्ना बसा हां परीक्षेला. मी शिकवते." आणि मग आम्ही दोघंही हसलो.

पुन्हा बसणार आहे. सकाळी धरणाच्या बाजूनं फिरायला जातो तेव्हा हाकांची कविता चाल सोडून म्हणायचा प्रयत्न करतो. धाकट्याची हाक जमते, थोरल्याची जमते. दिराच्या हाकेपाशी अडकतो. तिथे आमचं "आलो, आलो" यायचं, आणि आता तिथे काहीच येत नाही, नुसतं पाणी दिसतं. ती बाई दारात उभी आहे आणि घरात कुणी नाही, हे मला इतक्या उशिरा दिसलं. आणि त्याच्या मागोमाग दिसल्या तुम्ही, वर्गात हात वर धरून थांबलेल्या. आम्हाला वाटायचं तुम्ही आमच्या वात्रटपणाला सूट देताय. तुम्हाला कोण होतं, कोण गेलं होतं, आजी कुजबुजायची ते काय होतं, मी रोज तुमच्या उंबऱ्यात उभा राहून कधी विचारलं नाही. गूळ घेतला आणि गेलो. निदान वर्गात तरी तुमच्या हाकेला आम्ही तीसचाळीस जण ओरडत होतो, एवढीच एक गोष्ट बरी झाली असं मला वाटतं. हे रसग्रहणात लिहिता येईल का ते सरांना विचारायला हवं. बहुतेक नाही येणार.

हे पत्र तुमच्या गावाच्या पत्त्यावर टाकून काय होणार, तिथे आता कोण आहे तेही मला ठाऊक नाही. म्हणून ते मी माळ्यावर ठेवणार आहे, एका सुरळीच्या आत. ती सुरळी कशाची ते घरात कुणाला माहीत नाही. पुतण्याला वाटतं मी माझा अर्धा बॅनर पेंढ्यावरच टाकून आलो, सुनेला वाटतं मी तो फाडला. मी तो धुऊन, वाळवून, फोटो आत येईल असा गुंडाळून वर ठेवलाय, बाई. दोऱ्या बांधायच्या भोकांसकट.